गिटारवाला अंकुश

पेणला गणपतीपुढे काय किंवा रोह्याला धावीर महाराजांच्या उत्सवात काय, पोराच्या हाती गिटार दिसली की जाणती मंडळी म्हणतात, "हे विलायती खूळ कशाला?" त्यांच्यासाठी नंदू भेंडे यांची ही हकिगत.

घर नाटकवाल्यांचं. वडील आत्माराम भेंडे, आई आशा भेंडे. मुलगा मात्र रॉककडे वळला. रॉक म्हणजे विजेची गिटार, ड्रम आणि खडा, मोकळा आवाज. मुंबईत 'सॅव्हेज एन्काउंटर', 'वेल्वेट फॉग' या बँडमधून ते गायले. अलेक पदमसींच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये ज्यूडास झाले. सगळा मामला इंग्रजी.

१९७८ साली पुण्याच्या थिएटर अकादमीनं पु. ल. देशपांडे यांचं 'तीन पैशाचा तमाशा' जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आणलं. मूळ नाटक जर्मन, ब्रेख्तचं. त्यातला अंकुश नंदूंनी केला, आणि रॉकचा तोच गळा मराठी शब्दांना लावला! आमच्या मते खरी हिंमत ती हीच. आपल्या उसाला निदान पहिला हप्ता तरी असतो. अशा गाण्याला तोही नाही. पुढं त्यांनी टीव्ही मालिकांना संगीत दिलं, पण गाणं सोडलं नाही.

एप्रिल २०१४ मध्ये ते गेले. वडील तेव्हा हयात होते.