डोळ्यात गॅस, वाटेत घाट

डोळ्याचा पडदा सरकला म्हणून ऑपरेशन झालेल्या बदलापूरकराला कामावर कधी जाता येईल, हे बरंचसं डोळ्यात काय भरलंय यावर ठरतं. लोझानच्या ज्यूल गोनँ यांनी 1920च्या दशकात पडद्याचं भोक बुजवायची वाट दाखवली. त्याआधी सरकलेला पडदा म्हणजे जवळपास ठरलेलं अंधत्व. आता पडदा चिकटेपर्यंत गॅसचा फुगा तो दाबून धरतो. 'एसएफ सिक्स' दोनेक आठवड्यांत विरतो, 'सी थ्री एफ एट' सहा ते आठ आठवडे मुक्काम ठोकतो. सिलिकॉन तेल असेल तर ते काढायला पुन्हा ऑपरेशन.

सुरुवातीचे दिवस बऱ्याच जणांना मान खाली घालून काढावे लागतात. मग फुगा आटू लागतो आणि आधी वरच्या बाजूचं दिसायला लागतं. नजरेत एक आडवी रेघ हिंदकळत असते, अर्ध्या बाटलीतल्या पाण्यासारखी. ती रोज थोडी खाली सरकते.

ही रेघ पूर्ण जाईपर्यंत विमान बंद, हे रुग्णाच्या लक्षात राहतं. घाट मात्र विसरला जातो. उंचीवर हवेचा दाब उतरतो, गॅस फुगतो आणि डोळ्यातला दाब इतका वाढू शकतो की नजरच जावी. बोरघाट चढून गेलं की लोणावळा 600 मीटरच्या वर, माथेरान तर 800च्या आसपास. म्हणजे मुंबईचं ऑफिस एक वेळ चालेल, पुण्याची मीटिंग नाही. दुसऱ्या कशासाठी भूल घ्यायची वेळ आली, तर गॅसचं आधी सांगायलाच हवं. भुलीत वापरल्या जाणाऱ्या नायट्रस ऑक्साइडनेही फुगा फुगतो.

टेबलावरचं काम अनेकांना दोन ते चार आठवड्यांत जमतं. खरी परीक्षा लोकलची. एकाच डोळ्याने फलाट आणि गाडीच्या दारातलं अंतर नीट उमगत नाही, गर्दीत कुणाचं कोपर लागेल ते वेगळंच. एमआयडीसीत ओझी उचलणाऱ्याला, धुळीत किंवा रसायनांच्या वाफेत उभं राहणाऱ्याला आणखी थांबावं लागतं.

पण पगाराचं काय? ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेतल्या कामगाराला आजारपणात वेतनाच्या 70 टक्के भत्ता मिळतो, वर्षाला जास्तीत जास्त 91 दिवस. त्यापुढे 34 दीर्घ आजारांची एक यादी आहे आणि पडदा सरकणं त्यात आहे. यादीतल्या आजारासाठी 80 टक्के भत्ता दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. अट एवढीच की आधीची दोन वर्षं नोकरी आणि ठरलेले हप्ते हवेत. इतकी कामाची तरतूद कामगारांना ठाऊक असायला हवी. योजनेचं रुग्णालय बदलापूरजवळ उल्हासनगरातच आहे.

पन्नाशी ओलांडलेल्यांनी थोडी रजा राखून ठेवलेली बरी: या ऑपरेशननंतर वर्ष-दोन वर्षांत त्याच डोळ्यात बहुधा मोतीबिंदू पिकतो.