मर्यादारेषा

सावद्याच्या एका केळीच्या वखारीत, पुढल्या ओट्यावर घडांच्या फण्या उतरत असता, मागील खोलीत बसून मी चार दिवस केवळ आडव्या रेघा मोजल्या. दिवाणजींनी संगणकावर ठेवलेल्या दफ्तरात प्रत्येक भरतीचा तपशील रेघांच्या एका ओळीने उघडे आणि तशाच ओळीने मिटे. त्याच्या पोटात एकेका शेतकऱ्याचा हिशेब पाच रेघांत, तर भरती सात रेघांत, आणि पसारा वाढला की बाहेरची ओळ नऊ-दहांवर जाई. रेघा किती, याचा दंडक नव्हता. जितक्यांनी उघडावे तितक्यांनीच मिटावे, हा शिरस्ता मात्र त्यांनी एकदाही मोडलेला मला आढळला नाही.

हा मजकूर पर्ल या संगणकभाषेतून वाचायचा होता. पूर्वी पकडलेलीच अक्षरे पुन्हा शोधण्याची तिची सोय जुनी आहे. परंतु सात रेघा पकडलेले यंत्र, जोडी न मिळाल्यास, मागे सरून पाचांवर समाधान मानते आणि आतल्या हिशेबापाशीच भरती बंद करते. तेव्हा दोन्ही टोकांस ओळीचा अंत बांधून घेतला.

खरी अडचण पुढे आली. डिसेंबर 2007 मधील पर्ल 5.10 पासून जुळणीच्या नियमांना नावे देऊन त्यांना एकमेकांकडून, किंबहुना स्वतःकडूनही, पाचारण करता येते. रेघांच्या ओळीचा नियम मी नीटनेटकेपणाच्या हौसेने वेगळा काढला, आणि एकही नोंद जुळेना. कारण पाचारण केलेल्या नियमाने आत जे पकडले, ते तो परतताच नाहीसे होऊन पूर्वस्थिती प्रस्थापित होते. मी यास दोष म्हणणार नाही. याच विस्मरणामुळे आतील पाच रेघा बाहेरच्या सातांना पुसत नाहीत.

वाट सापडली ती डेमियन कॉनवे यांच्या पर्लसाठीच्या रेगएक्सप-ग्रामर्स या संचात. तेथे नियमाने जुळवलेले ते पाचारण करणाऱ्या नियमाच्या पदरी नावानिशी जमा होते. कोनकंसात उलटी तिरकी रेघ देऊन ते नाव लिहिले की तीच अक्षरे जशीच्या तशी शोधली जातात. सुलटी दिली की त्यांचे जोडीदार, म्हणजे उघडत्या दोन चौकटी कंसांस मिटते दोन. शिवकालीन पत्राच्या आरंभीची राजमुद्रा आणि अखेरची मर्यादामुद्रा दिसण्यात भिन्न, तरी एकाच पत्राच्या, तसे हे नाते मला वाटले.

चौथ्या दिवशी सायंकाळी दिवाणजींनी अकरा रेघांची सर्वांत मोठी भरती काढावयास सांगितली, तिच्या पोटातील चारही हिशेबांवर एकेक करून बोट ठेवले, आणि मागील वर्षाचे दफ्तर उघडले.