'क्लॅश'च्या ध्वनिमुद्रिका आणि त्यांची किंमत

ध्वनिमुद्रिकेचा विचार करताना तीतील गीते, त्यांची रचना आणि गायन यांकडे अभ्यासकाचे लक्ष प्रथम जाते. वेष्टनावर छापलेली किंमत ही दुकानदाराची बाब म्हणून सोडून दिली जाते. लंडनमधील 'द क्लॅश' या पंक रॉक संचाच्या बाबतीत मात्र ही विभागणी टिकत नाही. १९७६ ते १९८६ या दहा वर्षांत या संचाने सहा अल्बम प्रसिद्ध केले आणि त्यांपैकी निदान दोहोंची किंमत हा त्यांच्या आशयाचाच एक भाग होता. ज्या व्यवस्थेविरुद्ध गावयाचे, तिच्याच कारखान्यातून आपले गाणे विकावयाचे, ही अडचण या संचापुढे प्रारंभापासून अखेरपर्यंत उभी होती.

पंक रॉक ही मूलतः एक प्रतिक्रिया होय. १९७०नंतर ब्रिटनमधील रॉक संगीत महागड्या उपकरणांच्या, प्रचंड क्रीडांगणांतील जलशांच्या आणि वीस-वीस मिनिटे चालणाऱ्या रचनांच्या आहारी गेले होते. उलट १९७६ साली ब्रिटनमधील बेकारांची संख्या दहा लाखांच्या पुढे गेली होती. दोन-अडीच मिनिटांचे, तीन स्वरमेळांवर उभे राहिलेले, वेगवान आणि मुद्दाम खडबडीत ठेवलेले गाणे हे त्या परिस्थितीला तरुणांनी दिलेले उत्तर होते. वादनकौशल्याचा अभाव हा दोष न मानता, कोणीही उठावे आणि गावे, असा त्याचा दावा होता. 'क्लॅश'चा पहिला जाहीर कार्यक्रम ४ जुलै १९७६ रोजी शेफील्ड येथे 'सेक्स पिस्टल्स' या संचाच्या जोडीने झाला. बास गिटार वाजविणारा पॉल सिमनन हा मूळचा चित्रकलेचा विद्यार्थी. ते वाद्य तो संचात आल्यावर शिकला. मिक जोन्स हा गिटारवादक पश्चिम लंडनमधील उंच सरकारी इमारतीत आजीपाशी राहत होता. गायक जो स्ट्रमर याचे मूळ नाव जॉन मेलर. त्याचा जन्म १९५२ साली अंकारा येथे झाला. वडील ब्रिटिश परराष्ट्र खात्यात नोकरीस होते आणि त्यांचा स्वतःचा जन्म लखनौचा. निवासी शाळेत शिकलेल्या या मुत्सद्द्याच्या मुलाने झोपडवस्तीची भाषा बोलावी, यावर टीकाकारांनी पुष्कळ टोमणे मारले. ते सर्वस्वी निराधार नव्हते. तथापि पुढे ओस पडलेल्या घरांत बिनभाड्याने राहून त्याने काढलेली वर्षेही तितकीच खरी होती.

जानेवारी १९७७ मध्ये संचाने सी. बी. एस. या बलाढ्य कंपनीशी एक लाख पौंडांचा करार केला. 'स्निफिन ग्लू' या घरगुती पंक नियतकालिकाचा संपादक मार्क पेरी याने, या सहीबरोबर पंकचा मृत्यू झाला, अशा आशयाचा शेरा मारला आणि तो पुढे कायमचा या संचाच्या मागे लागला. 'द क्लॅश' हा पहिला अल्बम एप्रिल १९७७ मध्ये बाहेर पडला व ब्रिटिश विक्रीच्या यादीत बाराव्या स्थानापर्यंत पोहोचला. कंपनीच्या अमेरिकन शाखेने तो प्रसिद्ध करण्यासच नकार दिला. तरीही परदेशातून मागविलेल्या त्याच्या प्रती अमेरिकेत लाखाच्या घरात खपल्या आणि १९७९ साली शाखेला त्याची सुधारून वाढविलेली आवृत्ती काढावी लागली. दरम्यान कंपनीने संचाच्या संमतीवाचून 'रिमोट कंट्रोल' हे गाणे स्वतंत्र तबकडी म्हणून विक्रीस काढले. त्यावर संतापून संचाने 'कम्प्लीट कंट्रोल' हे गाणे रचले. त्याचा विषय हाच विश्वासघात. आणि ते प्रसिद्ध करणारी कंपनीही तीच! निषेधाचीदेखील विक्री करता येते, हे कंपनीला येथे उमगले असावे.

या पहिल्या अल्बममधील सर्वांत महत्त्वाचे गाणे संचाचे स्वतःचे नव्हे. ऑगस्ट १९७६ मध्ये लंडनच्या नॉटिंग हिल भागात कॅरिबियन वस्तीच्या वार्षिक उत्सवात कृष्णवर्णीय तरुण आणि पोलीस यांच्यात चकमक उडाली. स्ट्रमर व सिमनन त्या गर्दीत होते. 'व्हाइट रायट' हे गाणे त्या अनुभवातून निघाले. कृष्णवर्णीय तरुण अन्यायाविरुद्ध उभे राहतात, मग गोऱ्या तरुणांनी स्वस्थ का बसावे, असा त्यातील प्रश्न; शीर्षकामुळे त्याचा काहींनी नेमका उलटा अर्थ केला. अल्बमच्या मागील पृष्ठावर त्याच दंगलीतील पोलिसांचे छायाचित्र आहे. परंतु त्याच अल्बममध्ये संचाने जमैकाचा गायक ज्युनियर मर्व्हिन याचे 'पोलीस अँड थीव्ज' हे १९७६ चे रेगे गीतही घेतले आणि दोन-दोन मिनिटांच्या गाण्यांत ते सहा मिनिटे वाजविले. रेग्याचा जड, रेंगाळणारा ठेका पंकच्या धावत्या गतीला अगदी विरोधी. वरवर पाहता हा विसंगत प्रयोग होता. किंबहुना येथेच 'क्लॅश' इतर पंक संचांपासून वेगळा झाला. पंकने पूर्वीचे संगीत नाकारले होते. या संचाने आपल्याच शहरातील दुसऱ्या वस्तीचे संगीत ऐकले. १९७८ च्या '(व्हाइट मॅन) इन हॅमरस्मिथ पॅले' या गाण्यात ही दृष्टी आणखी प्रौढ झालेली दिसते. बंडखोर संगीताच्या अपेक्षेने रेगेच्या जलशास गेलेल्या गोऱ्या श्रोत्याचा तेथे झालेला अपेक्षाभंग आणि मागाहून स्वतःच्या पंक पिढीच्या प्रसिद्धिलोलुपतेवर त्याने रोखलेले बोट, असे त्याचे दुहेरी स्वरूप आहे. त्याच वर्षीच्या ३० एप्रिलला वंशविद्वेषाविरुद्ध व्हिक्टोरिया पार्क येथे भरलेल्या विराट मेळाव्यातही संचाने भाग घेतला.

'गिव्ह देम इनफ रोप' (नोव्हेंबर १९७८) या दुसऱ्या अल्बमसाठी सँडी पर्लमन हा अमेरिकन निर्माता नेमण्यात आला. ध्वनी अधिक भरदार झाला, विक्री ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. परंतु पहिल्या अल्बममधील निकड त्यात विरळ झालेली आहे.

डिसेंबर १९७९ मधील 'लंडन कॉलिंग' हा मात्र संचाच्या कर्तृत्वाचा कळस मानला जातो, आणि ते योग्यच आहे. युद्धकाळातील बी. बी. सी.च्या उद्घोषणेवरून घेतलेले शीर्षक, रेगे, जॅझ, जुने रॉक अँड रोल असे अनेक प्रवाह पोटात घेणारी एकोणीस गाणी, आणि न्यूयॉर्कच्या रंगमंचावर आपली बास गिटार आपटून फोडणाऱ्या सिमननचे पेनी स्मिथ हिने टिपलेले छायाचित्र. त्यावरील अक्षरे एल्व्हिस प्रेस्लीच्या पहिल्या लाँगप्ले तबकडीच्या धर्तीची आहेत. म्हणजे वाद्य फोडणाऱ्या चित्रावरच परंपरेचा शिक्का. किमतीची हकीकतही तितकीच बोलकी आहे. दोन तबकड्यांचा अल्बम एका तबकडीच्या दरात विकण्यास कंपनी तयार नव्हती. तेव्हा संचाने अल्बमसोबत एक लहान तबकडी विनामूल्य देण्याची परवानगी मिळविली, आणि ती 'लहान' तबकडी वाढत वाढत नऊ गाण्यांची पूर्ण तबकडी झाली! 'ट्रेन इन व्हेन' हे शेवटचे गाणे तर वेष्टन छापून झाल्यावर घातले गेले. म्हणून मूळ वेष्टनावर त्याचा उल्लेखच नाही. अल्बम सुमारे ५ पौंडांस मिळू लागला.

पुढील वर्षी ही युक्ती त्यागाच्या पातळीवर गेली. 'सँडिनिस्टा!' (डिसेंबर १९८०) हा तीन तबकड्यांचा, छत्तीस गाण्यांचा अल्बम ५ पौंड ९९ पेन्सला विकला जावा म्हणून संचाने ब्रिटनमधील पहिल्या दोन लाख प्रतींवरील रॉयल्टी सोडून दिली. निकाराग्वातील १९७९ च्या क्रांतिकारकांचे नाव शीर्षकात होतेच. कंपनीच्या यादीतील त्याचा अनुक्रमांकही त्या आघाडीच्या 'एफ. एस. एल. एन.' या आद्याक्षरांचा. 'द मॅग्निफिसंट सेव्हन' या गाण्यात कामगाराचा एक संपूर्ण दिवस न्यूयॉर्कच्या तेव्हा नव्याने पुढे येत असलेल्या रॅप शैलीत सांगितला आहे. गोऱ्या रॉक संचांपैकी ही शैली इतक्या लवकर उचलणारे थोडेच. अर्थात अल्बममध्ये निवडीचा संयम नाही. सहावी बाजू बरीचशी भरताडच आहे. श्रोत्याला स्वस्तात पुष्कळ द्यावे या हेतूने कलावंताची कात्री बोथट झाली, असेही म्हणता येईल. अल्बम ब्रिटनमध्ये एकोणिसाव्या स्थानापुढे गेला नाही. श्रोत्याशी प्रामाणिक राहण्याची ही वृत्ती १९८१ साली न्यूयॉर्कच्या बाँड्स सभागृहातही दिसली. जागेपेक्षा अधिक तिकिटे विकली गेल्यामुळे अधिकाऱ्यांनी हरकत घेतली, तेव्हा कोणाचे तिकीट वाया जाऊ नये म्हणून आठ कार्यक्रमांचे सतरा कार्यक्रम करण्यात आले.

'कॉम्बॅट रॉक' (मे १९८२) या पाचव्या अल्बमचा मिक जोन्सने सिद्ध केलेला लांबलचक आराखडा बाजूस ठेवून ग्लिन जॉन्स याने तो एका तबकडीत आटोपशीर बसविला. अमेरिकेत त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या आणि त्या यशातच संच मोडला. 'रॉक द कॅस्बा' या सर्वांत गाजलेल्या गाण्याचे संगीत ज्याने रचले, त्या ड्रमवादक टॉपर हेडनला हेरॉइनच्या व्यसनामुळे अल्बम प्रसिद्ध होण्याच्या सुमारासच काढून टाकण्यात आले. सप्टेंबर १९८३ मध्ये जोन्सचीही हकालपट्टी झाली. त्याच्यावाचून निघालेला 'कट द क्रॅप' (१९८५) हा अल्बम संचाच्या चाहत्यांनीदेखील आपला मानला नाही, आणि १९८६ च्या आरंभी संच संपुष्टात आला.

ब्रिटिश विक्रीच्या यादीत या संचाचे एकच गाणे पहिल्या क्रमांकावर गेले, आणि तेही संच विसर्जित झाल्यावर पाच वर्षांनी. १९९१ साली लेव्हाइज कंपनीच्या विजारींच्या जाहिरातीत 'शुड आय स्टे ऑर शुड आय गो' वापरले गेले, त्याचा हा परिणाम. जोन्स आणि स्ट्रमर यानंतर पुन्हा एका रंगमंचावर आले ते १५ नोव्हेंबर २००२ रोजी, लंडनच्या अॅक्टन टाउन हॉलमध्ये. कार्यक्रम स्ट्रमरच्या नव्या संचाचा होता आणि तो संपावर असलेल्या अग्निशामक कामगारांच्या संघटनेच्या मदतीसाठी होता. श्रोत्यांत बसलेला जोन्स अखेरच्या गाण्यांना आपण होऊन वर आला. त्यानंतर सदतीस दिवसांनी, २२ डिसेंबर रोजी, स्ट्रमरचे निधन झाले.