खळग्याकाठचा वर्ग

पहाटे साडेपाच. जानेवारीत लोणारला या वेळी मिट्ट काळोख असतो. भूविज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाची बावीस मुलं घेऊन मी पुण्याहून दहा दिवसांसाठी इथे आले आहे; आज सहावा दिवस. चहा उकळेपर्यंत हजेरी होते, पाण्याच्या बाटल्या भरल्या जातात. कोणाच्या टाचेला फोड आलाय, तेही बघून होतं.

पावणेसात. आम्ही विवराच्या काठावर. समोर सुमारे १.८ किलोमीटर रुंद, दीडशे मीटर खोल वाटी, तळाशी हिरवट पाणी. इथे माझा एक नियम आहे. पहिला अर्धा तास कोणी ‘उल्का’ हा शब्द काढायचा नाही. वहीत फक्त दिसतं ते काढायचं, आधी वाचलेलं नाही. ताम्हिणी घाटात या मुलांनी लाव्हाचे थर वह्यांच्या गठ्ठ्यासारखे आडवे पाहिलेत. इथला खडकही साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तोच बेसाल्ट. आज वीस मिनिटांनी एक मुलगी पेन्सिल थांबवून म्हणाली, “मॅडम, काठाचे थर बाहेरच्या बाजूला कललेत. आतून कोणीतरी उचलल्यासारखे.” या एका वाक्यासाठी दहा दिवसांचा खर्च आणि धावपळ मी दर वर्षी करते. वर्गात हे मी फळ्यावर काढून दिलं असतं, त्यांनी उतरवून घेतलं असतं, आणि परीक्षेनंतर ते पुसलं गेलं असतं.

मग इतिहास सांगते. १८२३ मध्ये अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली. पुढे कितीतरी वर्षं हे ज्वालामुखीचं तोंड मानलं गेलं. १९७३ मध्ये इथल्या खडकांत मॅस्केलिनाइट आढळल्याचं प्रसिद्ध झालं. प्रचंड धक्क्याने फेल्डस्पार या खनिजाची अशी काच होते, आणि तो धक्का ज्वालामुखीच्या ताकदीबाहेरचा आहे; म्हणजे हे काम उल्केचं.

साडेआठ. धारेच्या वाटेने खाली. गोमुखातून बारमाही गोड पाणी पडतं आणि यात्रेकरू तिथे आंघोळ करतात. बायका पाया पडून पुढे जातात. मुलं आधी धारेच्या पाण्यात कागदी पट्टी बुडवतात, मग खाली उतरून सरोवराच्या पाण्यात. सरोवराचा सामू दहाच्या आसपास, पट्टी गर्द निळी होते. समुद्र शेकडो किलोमीटर दूर असताना हे पाणी खारं कसं? झरे आत येतात, बाहेर जायला वाट नाही, ऊन पाणी नेतं आणि सोडा मागे ठेवतं. याच सोड्याला इथले लोक पापडी, खुप्पल, भुस्की अशी नावं देत आणि प्रतीप्रमाणे तो विकत. जून २०२० मध्ये पाणी आटून खारटपणा वाढला, तेव्हा सगळं सरोवर गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संस्थेने त्याचं कारण मिठात वाढणारे सूक्ष्मजीव असल्याचं दाखवलं.

बारा. कमळजा देवीच्या देवळाकडून परत चढ. हा दिवसातला सगळ्यात जड तास.

एक. बांधावर भाकरी, पिठलं, ठेचा. पलीकडे तुरीची कापणी चालू होती. तिथले एक आजोबा येऊन बसले. “मॅडम, कायले त्या गोट्याले एवढं पायता?” त्यांना मुलांनीच उत्तर द्यावं, असं मी ठरवलेलं आहे. एका मुलाने सोप्या मराठीत सगळं सांगितलं. विष्णूने पायाखाली घेतलेल्या दैत्याची इथली कथा आठवून आजोबा म्हणाले, “म्हंजे लवणासुराची गोष्ट खोटी नाई. वरूनच काईतरी आलं.”

तीन. खोलीत वर्ग, विषय विवराचं वय. आघातात झालेल्या काचेत साठलेल्या संकेतावरून ते सुमारे ५२ हजार वर्षं येतं, तर २०११ मध्ये आरगॉनच्या मोजणीतून सुमारे ५ लाख ७० हजार आलं. दहापटींहून जास्त फरक! मुलं अस्वस्थ होतात, त्यांना एकच आकडा हवा असतो. मी तो देत नाही. काचेत जुना आरगॉन अडकून राहिला तर वय फुगतं. काचेत साठलेला संकेत काळाने झिजला तर वय आकसतं. आज दोन गट करून दोन्ही बाजू मांडायला लावल्या. आवाज शेजारच्या खोलीपर्यंत गेला असेल. मला त्याचा आनंद आहे.

साडेपाच. गावातलं दैत्यसूदन मंदिर. लवणासुराला पायाखाली घेतलेला विष्णू, आणि मंदिराचा दगडही तोच बेसाल्ट. इथे मी काही शिकवत नाही. मुलं भिंतींवरची शिल्पं बघत फिरतात.

रात्री नऊ. वह्या तपासून झाल्या. मग रोजचं शेवटचं काम, खिसे रिकामे करायचे. हे अभयारण्य आहे. इथला एक खडाही न्यायचा नसतो. आज एका मुलाच्या खिशातून काळा, काचेसारखा चमकणारा खडा निघाला. त्याने स्वतःच विचारलं, “मॅडम, उद्या उचलला तिथेच ठेवून येऊ?” उद्या त्याच्याबरोबर मी जाणार आहे.

तुम्ही लोणारला याल, तेव्हा धारेवर साबण लावू नका. आणि परतताना खिसे एकदा चाचपून बघा.