मनातील मोजपट्टी

मुलांनो, अंकाला स्वतःची जागा असते काय? फळ्यावर लिहिलेल्या अंकास ती असते. परंतु नुसता मनात आणलेला अंक डावीकडे आहे की उजवीकडे, असे कोणी विचारले तर आपणांस हसू येईल. तथापि शास्त्रज्ञांनी हाच प्रश्न गंभीरपणे विचारला, आणि त्याचे उत्तर मोठे नवलाचे निघाले.

१९९३ साली फ्रान्समधील स्तानिस्लास देहान व त्यांचे सहकारी यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावर एकेक अंक दाखवावयाचा आणि तो सम की विषम, हे डाव्या किंवा उजव्या हाताशी असलेली कळ दाबून सांगावयाचे. अंक लहान की मोठा, हे कोणी विचारलेच नव्हते. तरीही लहान अंकांना डाव्या हाताने व मोठ्या अंकांना उजव्या हाताने उत्तर अधिक त्वरेने मिळे. जणू मनात एक मोजपट्टी असून तिच्यावर अंक डावीकडून उजवीकडे ओळीने मांडलेले आहेत!

दुसरा पुरावा रुग्णांकडून मिळाला. मेंदूच्या उजव्या भागास इजा झाली असता काही रुग्णांचे डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. डोळे शाबूत असूनही ताटाच्या डाव्या भागातील अन्न तसेच राहते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इटलीतील संशोधकांनी अशा रुग्णांना तोंडी विचारले, "२ आणि ६ यांच्या बरोबर मध्ये कोणती संख्या येते?" "५" असे उत्तर येई! मनातील पट्टीची डावी बाजूही त्यांच्या लक्षातून निसटत असावी, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला.

मग या पट्टीची दिशा सर्वांची एकच असते काय? नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कॅनडातील वाचकांची पट्टी डावीकडून उजवीकडे जाणारी आढळली. शब्द व अंक दोन्ही उजवीकडून डावीकडे वाचणाऱ्या पॅलेस्टिनी लोकांची मात्र ती उलट होती. इस्राएलमधील लोक हिब्रू शब्द उजवीकडून वाचतात आणि अंक डावीकडून; त्यांच्या पट्टीस निश्चित दिशा दिसली नाही. यावरून वाचनाच्या सवयीचा प्रभाव ध्यानात येतो.

नुसता अंक पाहिला तरी आपले लक्ष त्या त्या बाजूस वळते, असेही २००३ साली काही संशोधकांनी सांगितले होते. पुढे १७ प्रयोगशाळांनी मिळून तोच प्रयोग पुन्हा केला. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत तसा परिणाम आढळला नाही. कल्पना कितीही मनोहर असली, तरी शास्त्र तिला वारंवार कसोटीस लावते.

तेव्हा एखाद्या सोबत्याने आपले अंक निराळ्या दिशेने जातात असे सांगितले, तर त्यास हसू नका. त्याची पट्टी कशी आहे, हे त्यालाच आस्थेने विचारा.