पेट्रोलची गाडी की विजेची? आधी लाइटबिल काढा

सिंदीच्या स्टेशनावरून रोज सकाळी नागपूरकडे जाणाऱ्या आपल्या माणसांना विजेवरचा प्रवास नवा नाही. वर्धा-नागपूर मार्गावरच्या गाड्या विजेवरच धावतात, आणि पास काढून जाणाऱ्याला त्याहून स्वस्त वाहन मिळायचे नाही. पण पाळी रात्री उशिरा सुटते, दवाखान्याची वेळ मध्यरात्री येते, आणि घरातला शिकलेला मुलगा म्हणतो, कर्ज काढून भाड्याने चालवायला गाडी घेऊ. मग प्रश्न पडतो, पेट्रोलची घ्यावी की विजेची? दुकानदार सांगतो, विजेची गाडी जवळजवळ फुकट चालते. आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. फुकट तर नाहीच. स्वस्त नक्की चालते. किती स्वस्त, हे मात्र घरच्या लाइटबिलावर ठरते.

आधी पेट्रोलचे पाहू. २०२५ मध्ये आपल्या भागात लिटरला सुमारे १०४ रुपये मोजावे लागत होते. लहान मोटार एका लिटरमध्ये १८ किलोमीटर गेली, तर किलोमीटरला पावणेसहा रुपये नुसते पेट्रोललाच जातात. ही गोष्ट सगळ्यांना समजते, कारण पंपावर पैसे हातातून सुटतात.

विजेचे तसे नाही. ती महिनाअखेर बिलात येते, आणि घरातल्या बाईलाच तिचा मेळ घालावा लागतो. लहान विजेची मोटार, चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज धरून, एका युनिटमध्ये साधारण ६ किलोमीटर जाते. दुकानदार युनिटला सहा रुपये धरतो आणि किलोमीटरला एक रुपया सांगतो. इथेच मेख आहे. महावितरणच्या २०२४-२५ च्या घरगुती दरात वहन आकार धरून पहिली १०० युनिटे सुमारे ६ रुपयांनी होती. १०१ ते ३०० पर्यंत साडेअकरा, आणि ३०० च्या पुढे जवळजवळ पावणेसोळा. वर १६ टक्के वीज शुल्क. आपल्या घरात दोन पंखे, टीव्ही, फ्रिज मिळून ८० युनिटे जळत असतील, तर स्वस्तातली २० च उरतात. मोटारीची बाकी सगळी वीज महागड्या टप्प्यात जाते.

महिन्याला १५०० किलोमीटर गाडी चालली तर २५० युनिटे लागतील. वरच्या दरांनी त्याचे होतात सुमारे ३३५० रुपये, म्हणजे किलोमीटरला सव्वादोन. दुकानदाराच्या एका रुपयाच्या दुपटीहून जास्त. तरीही पेट्रोलच्या निम्म्याहून कमीच, आणि हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. इंजिन ऑइल नाही, प्लग नाही, क्लच नाही. थर्ड पार्टी विम्याच्या हप्त्यात २०२२ पासून १५ टक्के सूट आहे. आपल्या जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर विजेच्या मोटारींना टोलमाफी २०२५ च्या राज्याच्या धोरणात जाहीर झाली. अर्थात समृद्धीवरून रोज जाणारे आपल्यात किती?

आता खरा काटा. सारख्याच आकाराची विजेची मोटार पेट्रोलच्या मोटारीपेक्षा दोन-अडीच लाखांनी महाग पडते. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल मोटारीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, विजेच्या मोटारीवरचा ५ टक्के तसाच राहिला. म्हणजे पेट्रोलची आणखी थोडी स्वस्त झाली. वरचे अडीच लाख १० टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले, तर हप्ता बसतो सुमारे ५३०० रुपये. किलोमीटरमागे साडेतीन रुपये वाचतात, तेव्हा नुसता हा जादा हप्ता भरून काढायला महिन्याला १५०० किलोमीटर, म्हणजे रोज ५० किलोमीटर गाडी पळाली पाहिजे. रविवारी पाहुण्यांकडे जायला मोटार हवी असेल, तर विजेची घेण्यात बचत नाही. रोज १०० किलोमीटर भाडे मिळवणाऱ्याला वीज आणि हप्ता वजा जाता महिन्याकाठी तीनेक हजार सुटतात, बॅटरी धड राहिली तर.

पण भाडे मारणाऱ्याला पैशाइतकीच वेळेचीही किंमत असते. आपल्या शेजारीच हे घडले आहे. २६ मे २०१७ रोजी ओला कंपनीने नागपुरात विजेच्या टॅक्सींचा मोठा प्रकल्प सुरू केला. तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि केंद्रीय मंत्री नितीन गडकरी उद्घाटनाला होते. वर्ष सरण्याच्या आतच अनेक चालक गाड्या परत करू लागले. चार्जिंगच्या ठिकाणी तासन्तास रांगा, तेवढा वेळ भाडे नाही, खर्च मात्र चालूच. विजेचा दर कमी असूनही त्यांचा हिशेब जुळला नाही. त्यानंतर बॅटऱ्या मोठ्या झाल्या, चार्जिंगच्या जागा वाढल्या. तरी बाहेरच्या जलद चार्जिंगला युनिटमागे घरापेक्षा बरेच जास्त पैसे पडतात, आणि गाडी उभी राहते ती राहतेच. म्हणून ज्याला रात्री आपल्या दारात गाडी लावून तार जोडता येते, त्यालाच हा सौदा परवडतो.

दुचाकीचे गणित वेगळे आहे, आणि आमच्या मते आपल्या बहुतेक घरांसाठी तेच महत्त्वाचे. बुटीबोरीच्या एमआयडीसीत रोज येऊन-जाऊन ५० किलोमीटर करणाऱ्या मुलाला मोटरसायकलवर लिटरभर पेट्रोल, म्हणजे १०४ रुपये लागतात. विजेच्या स्कूटरला तेवढ्यासाठी दोनच युनिटे लागतात. महागड्या टप्प्याने धरली तरी २७ रुपये. महिन्याच्या २६ दिवसांत दोन हजार वाचले. यातले आठशे-हजार मात्र पोस्टात बाजूला पडू द्यावेत, कारण हमी संपल्यावर बॅटरी गेली तर पन्नास-साठ हजारांचा फटका बसू शकतो.

भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांनी आधी घरमालकाशी स्पष्ट बोलून घ्यावे. एकाच मीटरवर दोन बिऱ्हाडे असतील तर तुमच्या गाडीने त्यांचाही टप्पा चढतो आणि भांडण उभे राहते. मोटार चालवून पोट भरायचे असेल, तर गाडीच्या चार्जिंगसाठी वेगळी जोडणी मागता येते. तिचा दर घरगुती टप्प्यांप्रमाणे चढत नाही, स्थिर आकार मात्र वेगळा द्यावा लागतो. अर्थिंग नसलेल्या जुन्या वायरिंगवर, लांबवलेल्या तारेवर गाडी कधीही जोडू नये. विदर्भाच्या मे महिन्यात उन्हात तापून आलेली गाडी लगेच चार्जिंगला लावू नये, रात्री थंड झाल्यावर लावावी. आणि सेकंडहँड विजेची गाडी कोणी स्वस्तात देत असेल, तर बॅटरीची हमी नव्या मालकाच्या नावावर होते का, हे कंपनीकडून लेखी घेतल्याशिवाय बयाणा देऊ नये.