सोळाशे मीटरला अर्धी भाकर

बुलडाणा जिल्ह्याच्या घाटाखालच्या भागात, संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या अगदी पायथ्याला सोनाळा आहे. डोंगराच्या बाजूला अंबाबरवा अभयारण्य, जे आज मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे; दक्षिणेला पूर्णा नदीपर्यंत हलक्या उताराने पसरलेली काळी जमीन. या पट्ट्यातल्या गावांत पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांचे मैदान म्हणजे बहुतेक वेळा डांबरी रस्ताच. उजाडायच्या आत मुले रस्त्यावर येतात, मोबाइलचे स्टॉपवॉच लावतात आणि मोजून ठेवलेले सोळाशे मीटर जीव खाऊन पळतात. शारीरिक चाचणीला ती ‘ग्राउंड’ म्हणतात आणि पूर्ण गुणांना ‘आउट ऑफ’. सोळाशे आउट ऑफ व्हायचे असेल तर रोज सोळाशेच पळायचे, तेही पूर्ण जोर लावून, अशी सर्वसाधारण समजूत आहे. जोर कमी पडला तर ‘अंगात ताकदच नाही’ हे निदान, आणि त्यावर उपाय म्हणून ग्लुकोजची पावडर, केळी, अंडी, कुठे कुठे याहून वाईट गोष्टी. हे निदानच चुकीचे आहे. ताकदीचा साठा कोणाच्याही अंगात कमी नसतो. कमी पडतो तो त्या साठ्यातून दर सेकंदाला बाहेर येणारा पुरवठा. या एका फरकावर सरावाची सगळी आखणी बदलते.

आधी साठ्याचे पाहू. सपाटीवर पळताना माणसाला दर किलो वजनामागे, दर किलोमीटरला साधारण एक किलोकॅलरी लागते. वेग वाढवला तरी हा आकडा फारसा हलत नाही. म्हणजे साठ किलोच्या मुलाला सोळाशे मीटरसाठी शंभरच्या आतबाहेर किलोकॅलरी पुरतात. एवढी ऊर्जा तीस ग्रॅमच्या आसपास ज्वारीच्या पिठात असते, म्हणजे मध्यम आकाराची अर्धी भाकर. त्याच मुलाच्या स्नायूंत तीन-चारशे ग्रॅम ग्लायकोजेन आधीच भरलेले असते, यकृतात आणखी शंभरेक ग्रॅम. तो कितीही सडपातळ असला तरी अंगावरची पाच-सहा किलो चरबी पन्नास हजार किलोकॅलरींच्या घरात जाते. गजानन महाराजांच्या प्रकटदिनाला शेगावच्या वाटेला लागणाऱ्या पायी दिंड्यांत साठी उलटलेली माणसेही असतात. थोडेसे खाऊन ती दिवसभर चालतात, ती बव्हंशी या चरबीवरच. चालण्याला ऊर्जा सावकाश लागते आणि चरबी ती सावकाशच देते, म्हणून तिथे गणित जुळते. भरतीच्या मुलाचे जुळत नाही, कारण त्याला तीच ऊर्जा पाच मिनिटांत हवी असते. विहीर तुडुंब भरलेली असावी आणि मोटर तीन एचपीची असावी, तशी ही गत आहे. विहिरीत आणखी दोन घागरी ओतून पाइपाची धार वाढत नाही.

आता धार. स्नायूचा तंतू आखडतो तो फक्त एका रसायनावर, एटीपीवर. भाकर, ग्लायकोजेन, चरबी यांतले काहीही त्याला थेट चालत नाही; सगळ्यांचे आधी एटीपी व्हावे लागते. आणि हे एटीपी शरीर साठवून ठेवत नाही. कोणत्याही क्षणी अंगात ते शंभर ग्रॅमच्या आत असते, पूर्ण जोर लावला तर दोन-तीन सेकंदांत संपेल इतके. म्हणून ते वापरतानाच पुन्हा तयार होत राहावे लागते. याची सर्वांत जलद व्यवस्था म्हणजे फॉस्फोक्रिएटिन. 1927 मध्ये हार्वर्डमध्ये सायरस फिस्के यांच्यासोबत ते शोधणारा माणूस आपल्याकडचा होता: आंध्रातल्या भीमावरममध्ये जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव. एटीपीही या जोडीने 1929 मध्ये वेगळे काढून दाखवले. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमान यांनीही. शाळेच्या पुस्तकातून सुब्बारावांचे नाव सहसा निसटते, हे जाता जाता नोंदवण्यासारखे.

भरतीतली गोळाफेक म्हणजे या फॉस्फोक्रिएटिनचे निव्वळ प्रात्यक्षिक. मुलांचा गोळा 7.26 किलोचा. तो मानेला टेकवून मुलगा गुडघ्यात वाकतो, श्वास रोखतो, आणि मागच्या पायाच्या टाचेपासून निघालेला जोर कंबर, खांदा, मनगट करत बोटांतून बाहेर पडतो. पुढचा श्वास घेण्याआधी सगळे संपलेले असते. त्या दीड-दोन सेकंदांत फुप्फुसांचा, न्याहारीचा, ग्लुकोजचा काहीही संबंध आलेला नसतो. शंभर मीटरमध्ये याच व्यवस्थेला दुसरी येऊन मिळते: ग्लायकोजेन ऑक्सिजनशिवाय अर्धवट फोडून एटीपी बनवण्याची. ती वेगवान आहे, पण उधळी. ग्लुकोजच्या एका रेणूतून ती निव्वळ दोन-तीन एटीपी काढते. तोच रेणू ऑक्सिजनच्या मदतीने तंतुकणिकांत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात, पूर्ण जाळला तर तीसच्या वर मिळतात.

इथे बहुतेक मार्गदर्शक एक चित्र रंगवतात: पहिली दहा सेकंदे फॉस्फोक्रिएटिन, मग दोन मिनिटांपर्यंत ग्लायकोजेनचे अर्धवट ज्वलन, त्यानंतर ऑक्सिजन. पाळ्या लावल्यासारखे. चित्र लक्षात ठेवायला सोपे आहे आणि त्यामुळेच घातक आहे, कारण त्यावरून मुले असा अर्थ काढतात की पाच मिनिटांची शर्यत जवळजवळ अर्धी श्वासाविना पार पडते आणि म्हणून जीव खाऊन पळण्याचा सरावच कामाचा. प्रत्यक्षात तिन्ही व्यवस्था पहिल्या पावलापासून एकदमच सुरू होतात. बदलतो तो प्रत्येकीचा वाटा. मॅट स्पेन्सर आणि पॉल गॅस्टिन यांनी 2001 मध्ये सराईत धावपटूंवर हे मोजले. दोनशे मीटरमध्ये ऑक्सिजनवर चालणाऱ्या व्यवस्थेचा वाटा 29 टक्के निघाला, चारशेमध्ये 43, आठशेमध्ये 66 आणि पंधराशेमध्ये 84. चारशे आणि त्यापुढच्या शर्यतींत ऑक्सिजनचे पारडे जड व्हायला लागले ते पंधराव्या ते तिसाव्या सेकंदाच्या दरम्यान. दोन मिनिटांनी तर नाहीच नाही. भरतीचे सोळाशे मीटर पंधराशेला लागूनच आहे, आणि आपली मुले त्या धावपटूंपेक्षा जास्त वेळ घेतात. म्हणजे ऑक्सिजनचा वाटा आणखी थोडा वाढतो. मुलींच्या आठशे मीटरलाही हेच लागू पडते.

मुलांना सोळाशेचे पूर्ण वीस गुण 5 मिनिटे 10 सेकंदांच्या आत मिळतात. म्हणजे दर चारशे मीटरला साडेसत्त्याहत्तर सेकंद. या वेगाला साठ किलोच्या मुलाला मिनिटाला चार लिटरच्या आसपास ऑक्सिजन लागतो, बसल्या जागी लागतो त्याच्या पंधरापटीहून जास्त. पण हृदय आणि फुप्फुसे शिट्टी वाजताच तिथे पोचत नाहीत. पुरवठा वर चढायला दीड-दोन मिनिटे घेतो. तेवढ्या काळातली तूट फॉस्फोक्रिएटिन आणि अर्धवट ज्वलन भरून काढतात. आता रस्त्यावर पाहा. सुरुवातीचे दोनशे मीटर मुलगा तोंड मिटून, हलक्या पावलांनी, ठरलेल्या वेगापेक्षा कितीतरी पुढे पळतो. श्वास शांत असतो आणि तोच त्याला फसवतो, कारण तूट वाढते आहे हे श्वासाला अजून कळलेले नसते. चारशेच्या पुढे तोंड उघडते. आठशेला खांदे कानांकडे चढू लागतात, मुठी आवळतात, पावले लांब पडण्याऐवजी आपटू लागतात. तिसऱ्या चारशेत मांड्या भरून येतात आणि तिथे दहा-बारा सेकंद जातात, जे शेवटी कितीही जोर काढला तरी परत येत नाहीत. शेवटी गुडघ्यांवर हात टेकून तो धापा टाकतो. या मुलाला ताकद कमी पडली म्हणणे म्हणजे पहिल्या मिनिटातली चूक चौथ्या मिनिटाच्या माथी मारणे. त्यात डोंगराकडून गावाकडे पळाले तर रस्त्याचा उतार चार-पाच सेकंद फुकट देतो आणि जिल्ह्याच्या मैदानावर ते निघून जातात, ही फसगत वेगळीच.

मांड्या भरून येण्याचे खापर लॅक्टिक अॅसिडवर फोडायची रीत जुनी आहे. केंब्रिजच्या फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी 1907 मध्ये बेडकाच्या थकलेल्या स्नायूंत ते साचलेले पाहिले, आणि तेव्हापासून ते गुन्हेगार ठरले. थकलेल्या स्नायूत आम्लता वाढते, फॉस्फेट साचते, जळजळ होते, हे खरे. पण लॅक्टेट हा टाकाऊ माल नाही. कॅलिफोर्नियाच्या जॉर्ज ब्रुक्स यांनी 1980 च्या दशकापासून दाखवून दिले की एका तंतूत तयार झालेले लॅक्टेट शेजारचे सावकाश आखडणारे तंतू आणि हृदय इंधन म्हणून उचलतात. काही यकृतात जाऊन पुन्हा ग्लुकोज होते. पळणे थांबल्यावर तासाभरात ते रक्तात पूर्वपातळीवर येते. तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना पाय दुखतात ते त्याच्यामुळे नव्हे. ती तंतूंना झालेली बारीक इजा असते, आणि चोळून ‘अॅसिड बाहेर काढणे’ ही नुसती समजूत. महत्त्वाचे ते पुढेच. हे लॅक्टेट किती लवकर उचलले जाईल हेसुद्धा तंतुकणिका आणि केशवाहिन्या किती आहेत यावर ठरते. म्हणजे फिरून गोष्ट ऑक्सिजनच्या व्यवस्थेपाशीच येते.

ती व्यवस्था वाढते कशाने? आठवड्यातले बहुतेक दिवस, पळता पळता शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्या संथ गतीने, चाळीस-पन्नास मिनिटे पळण्याने. जॉन हॉलोझी यांनी 1967 मध्ये उंदरांना काही आठवडे पळवले, तेव्हा त्यांच्या स्नायूंतल्या तंतुकणिकांची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता जवळपास दुप्पट झाली. माणसातही हाच बदल होतो. शिवाय तंतूंभोवती नव्या केशवाहिन्या येतात आणि हृदय एका ठोक्याला जास्त रक्त फेकू लागते. यावर मुलांचा आक्षेप ठरलेला: हळू पळून हळूच पळायची सवय लागेल. आक्षेप अगदीच चुकीचा नाही. नुसते संथ पळणारा मुलगा 5:10 करणार नाही. आठवड्यातून एक-दोनदा चारशे-चारशेचे तुकडे शर्यतीच्या वेगाने, मध्ये विश्रांती घेऊन, पळायलाच हवेत, कारण उरलेले पंधरा टक्के तिथेच घडतात आणि वेगाची ओळखही पायांना तिथेच होते. पण रोज पूर्ण जोर लावणारा मुलगा पंधरा टक्क्यांसाठी सहा दिवस देतो आणि पंच्याऐंशीसाठी एकही नाही. शेतात दिवसभर राबणाऱ्याला वेगळ्या व्यायामाची गरज काय, असेही विचारले जाते. निंदणी-वखरणीने चिवटपणा येतो, यात शंका नाही. पण त्या कामात हृदय क्वचितच वरच्या गतीला जाते, आणि चार लिटर ऑक्सिजन ओढायची सवय त्याला तिथे लागत नाही.

याहून वजनदार आक्षेप गुणांचा आहे. मैदानी चाचणीच्या पन्नास गुणांपैकी सोळाशेला वीस, शंभर मीटरला पंधरा आणि गोळ्याला पंधरा. तीस गुण श्वासाशी संबंध नसलेल्या जोराचे असताना संथ पळण्यावर एवढा वेळ का घालवावा? इथे मान्य केले पाहिजे की संथ पळण्याने गोळा एक इंचही पुढे जात नाही. त्यासाठी बैठका, उड्या, वजन आणि गोळ्याचे तंत्र स्वतंत्रपणे करावे लागते. क्रिएटिनच्या पावडरीचाही थोडा उपयोग याच कामांना होतो, विशेषतः शाकाहारी मुलांना, कारण त्यांच्या स्नायूंत ते मुळात थोडे कमी असते. पाच मिनिटांच्या शर्यतीत मात्र तिने वाढणारे पाण्याचे वजन उलट अंगावर येते. तरीही एक दुवा राहतोच. एका फेकीत खर्च झालेले फॉस्फोक्रिएटिन पुन्हा भरते ते ऑक्सिजनवरच: अर्धे साधारण अर्ध्या मिनिटात, जवळपास सगळे तीन ते पाच मिनिटांत. ज्याची ऑक्सिजनची व्यवस्था चांगली त्याचे लवकर भरते. म्हणून सरावात एकामागून एक दहा गोळे फेकणारा मुलगा तिसऱ्या फेकीपासून जोर नव्हे, थकवाच वाढवत असतो. दोन फेकींत तीन मिनिटे बसणे हा आळस नाही.

राहिली ग्लुकोजची पावडर. ती घेतल्यावर बरे पळता येते, असे सांगणारी मुले खोटे बोलत नसतात. 2004 मध्ये ब्रिटनमध्ये सायकलस्वारांना कर्बोदकाचे पाणी तोंडात खळखळवून थुंकायला लावले, तरी तासाभराच्या शर्यतीत त्यांची वेळ सुधारली. तोंडाला लागलेली कर्बोदकाची चाहूलच मेंदूला हुरूप देते. पण तो प्रयोग तासाभराचा होता. पाच मिनिटांत पोटातली साखर मांडीपर्यंत पोचून काही करील, इतका वेळच नसतो, आणि मांडीत ती आधीच भरपूर असते.

उन्हाचे मात्र मनावर घ्यावे लागते. पळताना खर्च झालेल्या ऊर्जेतली जेमतेम पाव पळण्याच्या कामी येते, उरलेली उष्णता होते. घाटाखाली उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा ती बाहेर टाकण्यासाठी रक्त कातडीकडे वळते आणि तेवढे स्नायूंना कमी पडते. म्हणून मे महिन्यात सकाळी आठला घेतलेली वेळ जानेवारीतल्या वेळेशी ताडून हताश होण्यात अर्थ नाही. दुसरी अडचण कॅलेंडरची. तंतुकणिका आणि केशवाहिन्या वाढायला सहा-आठ आठवडे तरी लागतात, ठळक फरक दिसायला त्याहून जास्त. आणि पळणे पूर्ण सुटले तर दोन-तीन आठवड्यांतच ऑक्सिजन वापरण्याची क्षमता उतरू लागते. गावोगावची मुले जाहिरात निघाल्यावर रस्त्यावर येतात. ग्राउंडची तारीख लागेपर्यंत जो काळ हाती राहतो त्यात गोळ्याचे तंत्र सुधारते, शंभर मीटरची सुरुवात सुधारते. सोळाशेच्या चौथ्या चारशेला जे लागते ते तेवढ्यात तयार होत नाही.